ट्रान्स व्यक्तीचं बाळंतपण : सातारा-सांगलीत राहून मनाची तयारी कशी करायची

गरोदर ट्रान्स पुरुषाची, म्हणजे जन्मतः मुलगी ठरवलेल्या पण स्वतःला पुरुष मानणाऱ्या माणसाची, झोप उडाली, चिडचिड वाढली, सारखं रडू येऊ लागलं, तर त्यामागे तीन वेगवेगळी कारणं असू शकतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. पहिलं कारण डिस्फोरिया, म्हणजे वाढणारं पोट, जड होणारी छाती, पसरणारी कंबर पाहून आपलं शरीर आपलं न वाटणं. दुसरं कारण माणसं: ओपीडीतल्या नजरा, ‘ताई, तिकडं बायकांच्या लायनीत थांबा’ हा आवाज, घरातला अबोला. तिसरं कारण आजार: नैराश्य, चिंतारोग, आणि क्वचित सायकोसिस, म्हणजे भ्रम-भास होऊन वास्तवाचं भान सुटणं. डिस्फोरिया गोळीने जात नाही आणि नैराश्य ‘दादा’ म्हणून हाक मारल्याने जात नाही. म्हणून आधी कारण वेगळं काढायचं, मग उपाय करायचा. नॉन-बायनरी, म्हणजे स्वतःला ना पुरुष ना स्त्री मानणाऱ्या, व्यक्तींनाही हे सगळं तसंच लागू आहे.

वेगळं काढण्यासाठी सात दिवस एका वहीत तीन गोष्टी लिहा. मन खाली गेलं ती वेळ, त्याच्या आधीच्या तासाभरात काय झालं, आणि ते किती वेळ टिकलं. आंघोळीनंतर, सोनोग्राफीनंतर, कुणाच्या शब्दानंतर मन कोसळत असेल, पण मित्र आला की हसू येत असेल, जेवण गोड लागत असेल, तर तो बहुधा डिस्फोरिया किंवा माणसांचा त्रास आहे. सकाळी उठल्यापासूनच काही नकोसं, आवडत्या गोष्टींतही रस नाही, आणि हे दिवसातला बराचसा वेळ, सलग दोन आठवडे, तर तो आजार समजून डॉक्टरकडे जायचं. दोन्ही एकत्र असणं अगदी नेहमीचं आहे. अशा वेळी आजारावरचा उपचार थांबवून ‘आधी घरचं वातावरण सुधारू’ असं करू नका. दोन्ही कामं एकाच आठवड्यात सुरू करा.

टेस्टोस्टेरॉन आणि उशिरा कळणारी गर्भधारणा

टेस्टोस्टेरॉन, म्हणजे शरीर पुरुषी व्हावं म्हणून बरेच ट्रान्स पुरुष घेतात ते हार्मोन, हे गर्भनिरोधक नाही. पाळी बंद असली तरी अंडं सुटू शकतं. पाळी आधीच बंद असल्याने ‘चुकली’ हेच कळत नाही आणि गर्भ राहिल्याचं लक्षात येईपर्यंत कधी कधी चौथा महिना उजाडतो. मळमळ, छातीत दुखणं, सारखी लघवी, न समजणारा थकवा यांपैकी काही असेल तर लघवीची चाचणी घरीच करा. मेडिकलमध्ये किट मिळतं, आणि आशाताईंकडे सरकारी ‘निश्चय’ किट फुकट असतं. आशाताई गावातलीच असेल आणि गवगवा नको असेल, तर शेजारच्या तालुक्याच्या ठिकाणाहून आणा.

चाचणी पॉझिटिव्ह आली तर पुढचा डोस घ्यायचा नाही. गर्भ मुलीचा असल्यास टेस्टोस्टेरॉनमुळे तिच्या जननेंद्रियांच्या घडणीवर परिणाम होऊ शकतो. हा डोस हळूहळू कमी करण्याची गरज नसते. लांब चालणारं इंजेक्शन, म्हणजे टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएट, घेतलं असेल तर ते काही आठवडे शरीरात राहतं, म्हणून शेवटच्या डोसची तारीख केसपेपरवर लिहून घ्या. घेतलं गेलं म्हणून बाळ बिघडलंच असं नाही. १८ ते २० आठवड्यांची सविस्तर सोनोग्राफी त्यासाठीच असते.

गर्भ ठरवून राहू द्यायचा असेल तर औषध आधीच थांबवावं लागतं आणि पाळी परत यायला काही महिने जातात. मनाची पहिली पडझड बहुधा इथेच होते, गरोदरपणात नाही. पाळी परत येते, अंगावरची चरबी जागा बदलते, दाढी विरळ होते. आवाज मात्र परत बारीक होत नाही. हे आधी माहीत असलेल्या माणसाला धक्का कमी बसतो, म्हणून औषध थांबवायच्या महिन्यातच मानसोपचाराची एक भेट घेऊन ठेवा.

गर्भ नको असेल तर कायदा तुमच्याही बाजूने आहे. गर्भपाताच्या कायद्यानुसार २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं, आणि २०२१च्या दुरुस्तीनंतर ठरावीक गटांना दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२च्या निकालात स्पष्ट म्हटलं की या कायद्यासंदर्भात ‘स्त्री’ या शब्दात गर्भपाताची गरज पडणाऱ्या इतर व्यक्तीही येतात. सज्ञान व्यक्तीला फक्त स्वतःची संमती लागते, नवऱ्याची किंवा आईवडिलांची नाही. ‘घरच्यांची सही आणा’ असं कुणी म्हणालं तर ते कायद्यात कुठे आहे, हे शांतपणे विचारा.

दवाखाना ठरवताना

साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय, सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय ही मोठी सरकारी ठिकाणं. कराडचा पट्टा दोन्ही जिल्ह्यांना सोयीचा, कारण तिथे सरकारी उपजिल्हा रुग्णालयही आहे आणि मोठी खाजगी रुग्णालयंही. निवडताना एकच निकष वरचढ ठेवा: प्रसूती विभाग आणि मानसोपचार विभाग एकाच आवारात आहेत का? जत, आटपाडी, पाटण, महाबळेश्वर इथून येणाऱ्यांनी तर हे नक्की पाहावं. बाळंतपणानंतर पाचव्या दिवशी मन बिघडलं तर दोन गावांत दोन डॉक्टर धरून पळापळ होत नाही.

सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात प्रसूती, सिझर, औषधं, तपासण्या, वॉर्डातलं जेवण आणि ने-आण मोफत असते. खाजगीत स्वतंत्र खोली मिळते. दाढी असलेल्या माणसाला दहा खाटांच्या बाळंतीण वॉर्डात तीन दिवस काढावे लागणं हा मनावरचा मोठा भार आहे. पैसे बेताचे असतील तर ते तपासण्यांवर नाही, त्या तीन दिवसांच्या खोलीवर खर्च करा, असं आमचं मत. प्रसूती सरकारीत करायची असेल तर कोपऱ्यातली खाट आणि पडदा आधीच मागून ठेवा.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदरांची खास तपासणी असते. तज्ज्ञ डॉक्टर भेटतात हे खरं, पण गर्दीही तशीच असते आणि दारात उभं राहून नाव पुकारतात. पहिली ओळख देण्याची भेट त्या दिवशी नको. दुसरा दिवस बघा, ओपीडी संपत आल्यावर जा, आणि एका कागदावर हे पाच मुद्दे लिहून डॉक्टरांच्या हातात द्या:

- मी ट्रान्स पुरुष आहे. हाक या नावाने मारा. (नाव)
- टेस्टोस्टेरॉन कधीपासून घेत होतो, शेवटचा डोस कधी, छातीची शस्त्रक्रिया झाली आहे की नाही.
- आधी कधी नैराश्य, बायपोलर (कधी अतिउत्साह, कधी खोल उदासी असा आजार), सायकोसिस, आत्महत्येचा प्रयत्न झाला आहे का. घरात कुणाला आहे का.
- आतून तपासणी करण्यापूर्वी सांगा, थांबा म्हणालो तर थांबा.
- माझी माहिती नातेवाइकांना माझ्यासमोरच द्या.

तोंडी सांगायला गेलं की जीभ अडखळते आणि अर्धं राहून जातं. शिवाय हा कागद केसपेपरला टाचला की पुढच्या पाळीच्या सिस्टरला परत सगळं सांगावं लागत नाही. ओळखपत्रावरचं नाव वेगळं असेल तर केसपेपर, माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचा ‘एफ’ फॉर्म या सगळ्यांवर ओळखपत्रावरचंच एक नाव ठेवा आणि हाकेचं नाव पेन्सिलने वर लिहायला सांगा. तीन कागदांवर तीन नावं झाली की त्रास बाळाच्या जन्मदाखल्यावेळी होतो. तपासणीसाठी तृतीयपंथी ओळखपत्र लागत नाही. ‘ते आणल्याशिवाय केसपेपर निघणार नाही’ हे चुकीचं आहे.

एक अडचण आपल्याकडची खास आहे. सांगली-मिरज भागात यल्लम्माच्या जोगत्यांमुळे तृतीयपंथी म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर साडीतली व्यक्ती येते. जन्मतः मुलगी ठरवलेला पुरुष त्यांच्या चित्रात बसतच नाही. त्यामुळे सिस्टर गोंधळते आणि तो गोंधळ तुसडेपणासारखा दिसतो. दोन वाक्यांत सांगितलं की बहुतेक जणी सावरून घेतात. हाक मारण्यासाठी सगळ्यांना झेपेल असा मार्ग म्हणजे अहो-जाहो: ‘आलात का, जेवलात का, झोपलात का’ यात बाई-पुरुष येतच नाही. आणि इकडच्या बायकाही ‘मी आलो, मी जेवलो’ म्हणतातच, तेव्हा तुमचं ‘आलो’ कुणाच्या कानाला टोचण्याचं कारण नाही.

आतून तपासणी

गरोदरपणात ही फार वेळा लागत नाही. सुरुवातीची सोनोग्राफी कधी योनिमार्गातून करतात. नको असेल तर तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी पिऊन, लघवी रोखून जा आणि पोटावरून करायला सांगा. लवकरच्या आठवड्यांत चित्र अस्पष्ट आलं तर आठ-दहा दिवसांनी परत यायची तयारी ठेवा.

तपासणी करावीच लागली तर लहान आकाराचं स्पेक्युलम (आतून पाहण्यासाठी वापरतात ते उपकरण) मागा, कमरेखाली चादर मागा, आणि एक शब्द ठरवा ज्यावर डॉक्टरांनी हात थांबवायचा. टेस्टोस्टेरॉनमुळे आतली त्वचा कोरडी आणि नाजूक झालेली असते, त्यामुळे दुखणं खरं असतं, ‘नाटक’ नसतं. हे डॉक्टरला आधीच माहीत असलं तर जेलीही जास्त वापरली जाते आणि घाईही होत नाही. शिकाऊ डॉक्टरांचा घोळका असेल तर ‘एकाच डॉक्टरने तपासावं’ म्हणण्याचा अधिकार तुम्हाला आहे. वैद्यकीय महाविद्यालयात हे मागितल्याशिवाय मिळत नाही.

टेस्टोस्टेरॉन घेतलं होतं किंवा छातीची शस्त्रक्रिया झाली आहे म्हणून सिझरच करावं लागतं, असं नाही. पण खालून प्रसूतीची कल्पनाच सहन होत नसेल तर तेही वैद्यकीय बोलणं आहे. ३२व्या आठवड्यापर्यंत डॉक्टरांशी त्यावर चर्चा उरकून घ्या. कळा सुरू झाल्यावर नाही.

छाती

डिस्फोरियाचा सर्वांत मोठा भाग इथे असतो. चौथ्या महिन्याच्या आसपास जुना बाइंडर, म्हणजे छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा घट्ट कपडा, आवळू लागतो. गरोदरपणात तो दिवसात आठ तासांच्या वर नको, झोपताना तर कधीच नको, आणि श्वास अपुरा वाटला की लगेच काढायचा. त्याऐवजी एक माप मोठी स्पोर्ट्स ब्रा, वर सैल बंडी आणि गडद रंगाचा शर्ट. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये दोन थरही नकोसे होतात. मग गडद, मोठ्या छापाचा एकच ढगळ सुती शर्ट पुरतो.

शस्त्रक्रिया झालेली असली तरी थोडी दूधग्रंथी मागे राहिलेली असू शकते. ती काखेजवळ फुगते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूधही येऊ शकतं. ‘माझं ऑपरेशन झालंय, मला काय’ म्हणणाऱ्यांना हा धक्का जोरात बसतो.

पाजायचं की नाही, हा निर्णय आठव्या महिन्यातच घ्या आणि कागदावर लिहा. पाजायचं नसेल तर दूध थांबवण्यासाठी डॉक्टर कॅबरगोलिन देऊ शकतात: साधारणपणे बाळंतपणानंतर पहिल्या दिवशी एकदाच १ मिलिग्रॅम, किंवा दूध आलेलं असल्यास ०.२५ मिलिग्रॅम दर बारा तासांनी दोन दिवस. पण गरोदरपणात रक्तदाब वाढलेला असेल किंवा आधी कधी सायकोसिस झाला असेल तर हे औषध टाळतात. ते मेंदूतल्या डोपामिन या रसायनावर काम करतं आणि सायकोसिस उफाळू शकतो. मेडिकलमधून परस्पर आणून घेण्याची ही गोळी नव्हे. औषधाशिवाय थांबवायचं तर आधार देणारी पण न आवळणारी ब्रा, गार पाण्याच्या पट्ट्या, आणि छाती पिळणं पूर्ण बंद. पहिले दोन आठवडे बाइंडर नाही. आवळल्याने दूध साचून गाठ होते, लाल होते, ताप येतो. ताप ३८ अंश सेल्सियसच्या वर गेला तर त्याच दिवशी दवाखाना.

वॉर्डात ‘पहिलं दूध पाजा’ म्हणून सगळे मागे लागतात. बाळासाठी ते चांगलं आहे यात वाद नाही, पण निर्णय झालेला असताना तासातासाला तोच आग्रह झाला तर मन तुटतं. म्हणून तो कागद टाचलेला हवा आणि बोलायला सोबतचं माणूस हवं. ‘नाही’ म्हणण्याचं काम नुकत्याच बाळंत झालेल्या माणसाचं नाही.

डोहाळजेवण ते सटवाई

आपल्याकडचं बाळंतपण हिरव्या रंगाचं असतं: हिरवं लुगडं, हिरवा चुडा, फुलांची वाडी, ओटी. प्रेमानेच करतात, आणि ट्रान्स माणसाला नेमकं तेच सोसत नाही. ‘नको’ म्हटलं की रुसवा, ‘हो’ म्हटलं की आठवडाभर झोप नाही. मधला रस्ता असा की सातव्या महिन्यात जेवण ठेवायचं, आवडीचे पदार्थ करायचे, औक्षण करायचं, पण साडी आणि ओटी नाही. हे घरातल्या एका मोठ्या बाईच्या तोंडून बाहेर जाऊ द्या. आई, आत्या, थोरली वहिनी, जी ऐकते ती. तुम्ही सांगितलं तर ती बंडखोरी ठरते, आत्याने सांगितलं तर ‘यंदा साधंच करायचं ठरलंय’ एवढंच ठरतं.

बाळंतपणासाठी माहेरी जायचं का, हा खरा प्रश्न. माहेर सुरक्षित असेल तर दुसरा विचार नको. पण जिथे जुन्या नावानेच हाक मारतात, जिथे लग्नावरून वा ओळखीवरून मारहाण झाली आहे, तिथे सव्वा महिना खोलीत राहणं म्हणजे कोंडून घेणं. मग आपल्याच घरी राहा आणि स्वयंपाक-धुण्याला पगारी बाई लावा. चाळीस दिवसांचा तो खर्च बाळंतविड्याच्या आणि बारशाच्या पैशातून निघतो.

मालिशवाल्या बाईला पहिल्या दिवशीच हद्द सांगा: पाठ, कंबर, पाय चालेल, छाती नाही. अळिवाची खीर, शेपू, डिंकाचे लाडू यांतले पदार्थ दूध वाढावं म्हणून देतात. पाजायचं नसेल तर अळीव कशासाठी, हे आजीला समजावून सांगा. लाडू खाल्ले तर हरकत नाही. शेगडीची धुरी बंद खोलीत नको, बाळासाठीही आणि तुमच्यासाठीही.

पाचव्या-सहाव्या रात्री सटवाईची पूजा, जागरण, येणारे-जाणारे. नेमक्या याच दिवसांत मन सर्वांत हळवं असतं आणि झोप सर्वांत मोलाची. पूजा संध्याकाळी सातला आटोपा, जागरण ज्यांना करायचं त्यांनी बाहेरच्या खोलीत करावं.

आधीपासून चालू असलेली मानसिक औषधं

गर्भ राहिल्याचं कळताच गोळ्या बंद करणं ही सर्वांत नुकसानीची गोष्ट. अचानक बंद केल्याने आजार उलटतो, आणि आजाराचं ओझं बाळालाही बसतं. सर्ट्रालिनसारखी नैराश्यावरची औषधं गरोदरपणात आणि अंगावर पाजताना बऱ्याचदा चालू ठेवतात. अपवाद व्हॅल्प्रोएट या बायपोलर आणि फिट्सवरच्या गोळीचा. त्यामुळे बाळाच्या मज्जारज्जूत दोष आणि पुढे बुद्धीवर परिणाम होण्याचा धोका मोठा आहे, म्हणून ती चालू असेल तर आजच मानसोपचारतज्ज्ञाला फोन करून बदल ठरवा. पण तीही स्वतःहून तोडू नका. लिथियम (हेही बायपोलरवरचं औषध) चालू असेल तर रक्तातलं प्रमाण गरोदरपणात बदलत राहतं, वारंवार तपासावं लागतं.

मन उदास असेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड (टीएसएच) या दोन तपासण्या आधी करा. रक्त कमी असेल किंवा थायरॉइड मंद असेल तर तेही नैराश्यासारखंच दिसतं. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत थायरॉइडला सूज येणं नवलाचं नाही. गोळी सुरू झाली तरी फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बहुतेक जण दहाव्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडतात.

स्वतःचं मोजमाप

बाळंतपणाच्या काळातलं नैराश्य ओळखण्यासाठीची एडिनबरो प्रश्नावली १९८७ साली तयार झाली. दहा प्रश्न, मागच्या सात दिवसांबद्दल, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण ३०. झोप, भूक, थकवा हे गरोदरपणात बिघडतातच, म्हणून इतर प्रश्नावल्यांत गुण उगाच फुगतात. ही त्यावर फार अवलंबून नाही. आशाताईंना किंवा दवाखान्यातल्या समुपदेशकाला मराठी प्रत मागा. पहिल्या नोंदणीला, २८व्या आठवड्यात, बाळंतपणानंतर दोन आठवड्यांनी, सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी भरा. १० ते १२ आले तर पंधरा दिवसांनी परत भरा. १३ किंवा जास्त आले तर त्या आठवड्यात डॉक्टर. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याचं उत्तर शून्य सोडून काहीही असेल तर बाकीची बेरीज बघायचीच नाही, त्याच दिवशी माणसाशी बोलायचं.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीत. पहिल्याच वाक्यात ‘मी गरोदर आहे’ किंवा ‘मला आठ दिवसांचं बाळ आहे, आणि मी ट्रान्स पुरुष आहे’ असं सांगा, म्हणजे आवाजावरून गैरसमज होऊन पाच मिनिटं वाया जात नाहीत.

आणि घरच्यांसाठी: तासगाव, कवठेमहांकाळच्या द्राक्षपट्ट्यात काय किंवा कृष्णाकाठच्या उसात काय, फवारणीची औषधं घराच्या ओसरीत असतात. गरोदरपणापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत ती घराबाहेर कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे. झोपेच्या गोळ्यांची पूर्ण पाकिटंही घरात साठवू नका. तीव्र विचारांची लाट बऱ्याचदा ओसरते, आणि ती ओसरेपर्यंत हाताशी काही नसणं जीव वाचवतं.

बाळंतपणानंतरचे पहिले पंधरा दिवस

तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास रडू येणं, मन भरून येणं, चिडणं हे बहुतेकांना होतं आणि दोन आठवड्यांत जातं. त्याला औषध लागत नाही, झोप आणि सोबत लागते. दोन आठवड्यांनंतरही राहिलं तर ते नैराश्य धरून चाला.

झोपेचं वेळापत्रक हा इथला सर्वांत उपयोगी उपाय आहे, आणि तोच सर्वांत कमी वापरला जातो. बाळंत झालेल्या माणसाला रात्री सलग चार ते पाच तास झोप मिळालीच पाहिजे. पाळी अशी लावा: रात्री नऊ ते दोन बाळ जोडीदाराकडे किंवा आईकडे, दुसऱ्या खोलीत. दोन ते सात तुमच्याकडे. त्या पाच तासांत दूध वाटी-चमच्याने, काढून ठेवलेलं किंवा डॉक्टरने सांगितलेलं डब्याचं. डब्याचं दूध असेल तर उकळलेलं पाणी, डब्यावर लिहिलेलं सपाट चमच्याचं माप, आणि दोन तासांनंतर उरलेलं फेकून द्यायचं. बिघडतं ते इथे: सोबतीचं माणूस पाचही तास जागं राहतं, पण बाळ कुरकुरलं की ‘जरा बघ ना’ म्हणून तुम्हालाच उठवतं. म्हणून खोली वेगळी हवी आणि दार लावलेलं हवं.

बायपोलर असणाऱ्यांसाठी ही झोप नुसती सोय नाही, उपचारच आहे. बाळंतपणानंतरचा सायकोसिस हजारात एक-दोघांना होतो. बायपोलर असेल तर पाचांत एकाला किंवा त्याहूनही जास्त. तो बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, अचानक येतो. खुणा: दोन रात्री झोप नाही तरी थकवा नाही, बोलणं सुटलेलं किंवा एकदम गप्प, बाळ बदललंय किंवा बाळात काहीतरी शिरलंय असं वाटणं, आवाज ऐकू येणं, गोंधळ, क्षणात हसू क्षणात भीती. गावात याला ‘बाहेरचं’ म्हणतात आणि आठवडा देवऋष्याकडे जातो. हे तासांचं काम आहे. १०८ ला फोन करा, मानसोपचार विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्या, बाळासोबत दुसरं माणूस ठेवा, व्यक्तीला एकटं सोडू नका. ‘मी पुरुष आहे’ हे वाक्य म्हणजे भ्रम नव्हे, हे नव्या डॉक्टरला सोबतच्या माणसाने आधी सांगायचं. नाहीतर चुकीच्या गोष्टीवर उपचार सुरू होतात.

याहून वेगळी एक गोष्ट: ‘बाळ माझ्या हातून पडेल’, ‘चाकू दिसला की भीती वाटते’ असे विचार येतात आणि त्यांचीच घृणा वाटते. हा बहुधा चिंतेचा आजार असतो, त्यावर उपचार आहेत, आणि असे विचार आल्याने कुणी वाईट पालक ठरत नाही. माणूस आपल्या विचारांना घाबरतोय की ते खरे मानतोय, हा फरक डॉक्टरला सांगा.

रुग्णालयात दाखल होण्याची वेळ आली तर कोण बोलणार, हे आधी ठरवता येतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७नुसार कोणतीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर, सहीनिशी, आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकते. त्या माणसाने लेखी होकार द्यावा लागतो. लग्नाची नोंद नसलेल्या जोडीदारासाठी हा कागद सोन्याचा आहे. नाहीतर निर्णय नातेवाइकांकडे जातो, जे कदाचित तुमचं नावही घेत नसतील. याच कायद्यात लिंगावरून भेदभाव न करता उपचार मिळण्याचा आणि माहिती गोपनीय राहण्याचा हक्क आहे. दाखल असताना तीन वर्षांखालचं मूल सहसा आईपासून तोडू नये असंही त्यात आहे. मजकुरात ‘स्त्री’ लिहिलंय, पण त्याच आधारावर विनंती करा.

आशाताई बाळाला पाहायला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी येतात. त्यांना टाळू नका. आठव्या महिन्यातच विश्वासात घ्या आणि गल्लीत काय सांगायचं, काय नाही, ते ठरवून घ्या. बाळाबरोबर तुमची झोप आणि जेवणही विचारा, असं सांगितलं तर त्या विचारतात.

जोडीदार

जोडीदार ट्रान्स स्त्री, म्हणजे जन्मतः मुलगा ठरवलेली स्त्री, असेल तर ‘हे माझ्या वाट्याला यायला हवं होतं’ ही कळ तिच्या मनात असू शकते, आणि ती बोलून दाखवायला तिला जागाच नसते. सर्वांचं लक्ष पोटाकडे. तिचीही प्रश्नावली भरून घ्या. बाळाला आंघोळ घालणं, मालिश, रात्रीची पहिली पाळी ही कामं तिच्या नावावर असू द्या, मदत म्हणून नव्हे तर तिची म्हणून.

जन्मनोंद आणि पुन्हा टेस्टोस्टेरॉन

जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. रुग्णालय केसपेपरवरून माहिती भरून पाठवतं, म्हणून डिस्चार्जआधी आई-वडील या रकान्यांत काय लिहिलंय ते वाचून घ्या. नंतरची दुरुस्ती कटकटीची. केरळमध्ये झहाद आणि झिया पावल या ट्रान्स जोडप्याला फेब्रुवारी २०२३मध्ये कोळिकोडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात बाळ झालं, आणि दाखल्यावर ‘आई’, ‘वडील’ ऐवजी ‘पालक’ लिहावं असा आदेश केरळ उच्च न्यायालयाने जून २०२५मध्ये दिला. तो महाराष्ट्रातल्या कार्यालयावर बंधनकारक नाही, पण अर्जाला जोडायला उपयोगी आहे. वकिलासाठी पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. त्यांची हेल्पलाइन १५१००.

टेस्टोस्टेरॉन परत कधी, हा प्रश्न बहुतेक जण वॉर्डातच विचारतात. बाळंतपणानंतर सुमारे सहा आठवडे पायांत गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो, म्हणून डॉक्टर साधारण तेवढं थांबायला सांगतात. अंगावर पाजत असाल तर टेस्टोस्टेरॉनने दूध कमी होऊ शकतं आणि थोडं बाळापर्यंत जाऊ शकतं. बाळरोगतज्ज्ञाशी बोलूनच ठरवा. सुरू करण्याआधी रक्ताची तपासणी, रक्तदाब, आणि चालू मानसिक औषधांची यादी डॉक्टरसमोर. नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर टेस्टोस्टेरॉन सुरू झाल्यावर बरं वाटू लागलं म्हणून त्या लगेच सोडू नका. बरं झाल्यानंतरही निदान सहा महिने त्या चालू ठेवतात. आणि सहाव्या आठवड्याच्या त्याच भेटीत तांबी किंवा दुसरं गर्भनिरोधक ठरवून टाका.